चव्वेचाळिसावी फेरी

डेल्फिनानं पेन्सिल दातांतून काढली, डाव्या हातातल्या घड्याळाचं बटण दाबलं आणि मान वर न करता कान तेवढा शेजारी केला.

"चार," नोर्मा म्हणाली. गाड्या समोरून सुटल्या की फळकुटाचं बाक थरथरे, आणि नोर्माचा आवाज त्या थरथरीच्या वरून येई. "चौदा. हा तुझा. आता तीस, तो इंग्रज. माझा कुठं दिसत नाही बाई."

"तुमचा बाराव्या फेरीलाच बसलाय."

"बसलाय कसला! मागे उभा राहून सॉसेज चापतोय. इंजिन फुटलं याचं दुःख असं की तिसरा पाव चाललाय."

डेल्फिनानं ओळीत तीन आकडे लिहिले, शेजारी वेळा लिहिल्या आणि खालची रेघ पट्टीनं ओढली. बेचाळीस फेऱ्या झाल्या होत्या, आठ उरल्या होत्या.

गेली नऊ वर्षं या दोघी अशाच बसत आल्या होत्या. एकीनं डोळे द्यायचे, दुसरीनं हात. नोर्मा गिबेर्ती सरळ रस्त्याच्या टोकाकडे बघत समोरून गेलेल्या गाडीचा आकडा ओरडायची, डेल्फिना ब्रांदोली तो तक्त्यात मांडायची. नवरे गाड्या हाकायचे आणि बायकांनी त्यांच्या फेऱ्या मोजायच्या, ही आमच्या इटलीतल्या मोदेनाकडची रीतच पडून गेली होती. कारखान्याला त्याचा पगार पडत नसे आणि बायकांना भीतीनं तोंडावर हात ठेवून बसावं लागत नसे. दोन्ही पक्षांची सोय. डेल्फिना लग्नाआधी कार्पीच्या शर्टांच्या कारखान्यात बटणं मोजायला होती. तिच्या तक्त्यात नऊ वर्षांत एक आकडा खोडलेला सापडला नव्हता. काचेच्या खोलीत टाय लावून बसलेले सरकारी वेळमोजेसुद्धा अडलं की माणूस पाठवून विचारत, "सिन्योरा ब्रांदोलींचा आकडा काय आहे?"

यंदाचा हिशोब मात्र बटणांपेक्षा किचकट होता. मोसमात सात शर्यती, आजची शेवटची; त्यांतल्या सगळ्यांत चांगल्या पाचांचेच गुण धरायचे, उरलेले सोडून द्यायचे. नोर्माचा नवरा वास्को सत्तावीस गुणांवर थांबला होता. आज त्याची गाडी मोडली, म्हणजे ते सत्तावीस तसेच राहणार. डेल्फिनाचा एर्मेस आज दुसरा आला तर त्याचे होत होते सत्तावीस आणि एक तृतीयांश. हा तृतीयांश जुलैतला. सगळ्यांत जलद फेरीचा म्हणून एक गुण असतो. तीन जणांचा वेळ सेकंदाला सेकंद सारखा निघाला, तेव्हा पंचांनी त्या एका गुणाचे तीन तुकडे केले होते, पोरांत सफरचंद वाटावं तसे. तेव्हा सगळे हसले होते. आता त्याच तुकड्यावर जगज्जेतेपद टेकलं होतं. एर्मेस तिसरा आला तर पंचवीसवर काहीतरी, म्हणजे काहीच नाही.

एकाच कारखान्याच्या दोन लाल गाड्या, एकाच गल्लीतली दोन घरं आणि एक किताब. गल्लीतल्या न्हाव्यानं तर दोघांची दाढी एकाच दिवशी करायचं बंद केलं होतं.

"तुला हवंय ना गं हे?" नोर्मानं सकाळीच विचारलं होतं. आडपडदा तिला माहीतच नव्हता.

डेल्फिनानं मान हलवली होती. तिला किताब नको होता. किताबामागचा शब्द हवा होता. मार्चमध्ये सान कातालदोच्या स्मशानातून परत येताना, एका मित्राला मातीत ठेवून, एर्मेस म्हणाला होता, "एकदा जगज्जेता झालो की गाडीतून उतरलो. गॅरेज टाकीन. पण त्याआधी उतर म्हणू नकोस." तिनं तो शब्द धरून ठेवला होता. ही तिची सातवी शर्यत होती त्या शब्दानंतरची.

"मग हो म्हण," नोर्मा म्हणाली होती. "माझा तसाही यंदा थांबतोय. डोळे गेलेत त्याचे. कारखान्यात बोलू नकोस. परवा पास्त्याच्या पाण्यात मीठ म्हणून साखर घातली, आणि वर मलाच म्हणतो, गोड झालंय."

"पण किताब? तीनदा दुसरे आलेत ते."

"आलाय खरा." आणि नोर्मानं थर्मासचं झाकण दोनदा उघडून दोनदा लावलं होतं.

त्रेचाळिसाव्या फेरीला चार, चौदा, तीस याच क्रमानं गेले. चौदा आणि तीसमध्ये अर्ध्या मिनिटाचं अंतर. चौदाच्या जरासंच आधी सोळा नंबरची तिसरी लाल गाडी गेली होती. ती रेन्झोची. रेन्झो एकटा जीव, रविवारी जेवायला कधी गिबेर्तींकडे, कधी ब्रांदोलींकडे. तो एर्मेसच्या बराच मागे, जवळजवळ फेरीभर मागे होता. म्हणजे रस्त्यावर बघाल तर त्याच्या थोडासाच पुढे.

मग आवाज आला. धडाम असा नव्हे, मोठं कपाट जिन्यावरून खाली ढकलावं तसा, तुटक तुटक. सरळ रस्ता सुरू होण्याआधीच्या वळणावर, चुन्याच्या जुन्या भट्टीपाशी, काळा धूर उठला. वारा त्याच बाजूचा होता. धूर रस्त्यावर लोळत आला आणि बघता बघता समोरची प्रेक्षकांची बाकं पुसून गेली.

"लाल आहे," कुणीतरी म्हणालं. "लाल आहे." हा शब्द माणसामाणसांतून पळत त्यांच्यापर्यंत आला. लाल म्हणजे चौदा किंवा सोळा.

शर्यत थांबवायची पद्धत तेव्हा नव्हती. धुरातून गाड्या जात होत्या, फक्त आवाज. एक, मग बऱ्याच वेळानं दुसरी. आकडा कुठला, रंगही दिसत नव्हता.

डेल्फिना उठली. तक्ता बाकावर ठेवला, घड्याळ तक्त्यावर ठेवलं, अगदी नीट, आणि चालत कठड्याकडे गेली. कठड्यावर तिनं एक पाय टाकला तेव्हा एका मेकॅनिकनं तिला कमरेला धरलं. ती ओरडली नाही. नुसती पुढे ओढत राहिली, आणि तो धिप्पाड गडी तिच्याबरोबर ओढला गेला.

"डेल्फिना!" मागून नोर्मा ओरडली. "गेला! चौदा गेला! तुझा गेला गं, मी बघितला! ये, इकडे ये, बस!"

डेल्फिना वळली. नोर्मानं तक्ता मांडीवर घेतला होता आणि पेन्सिलीनं त्यात लिहीत होती. तिचे आकडे जाडे, गुबगुबीत असत, तिच्यासारखेच. चव्वेचाळिसाव्या ओळीत चौदा.

"बघितलात?"

"या डोळ्यांनी. धुरातून. बस आता."

ती बसली. तक्ता परत मांडीवर घेतला. तीनेक मिनिटांनी वारा फिरला, धूर शेताकडे गेला आणि रस्ता पुन्हा दिसू लागला. चार गेला. बऱ्याच वेळानं चौदा गेला, एर्मेसचं लाल हेल्मेट दिसलं, आणि त्यामागे पंचवीस सेकंदांनी तीस. डेल्फिनानं लिहिलं, पंचेचाळीस. धुरात हरवलेले बाकीचे आकडे तिनं मागच्या ओळीत भरले. पुढच्या फेरीला जो आला तो आधीच्या फेरीला गेलाच असणार, एवढा तर्क तिच्या हातालाच येत होता.

सोळा आला नाही. सोळाच्या रकान्यात तिनं आडवी रेघ मारली. रेघ पट्टीनं ओढायला तिच्याकडे धीर नव्हता. वाकडी आली.

पन्नासाव्या फेरीला चंदेरी चार नंबर पहिला आला. मग चौदा. मग वीस सेकंदांनी तीस. मागे मेकॅनिक लोकांनी आनंदाला सुरुवात केली आणि मध्येच थांबवली. रेन्झोचं काय झालं ते तोवर कळलं होतं.

एर्मेस पिटमध्ये, गाड्या थांबायच्या जागी, आलाच नाही. गाडी टोकाला सोडून तो भट्टीच्या बाजूला चालत गेला असं कुणी म्हणालं. डॉक्टरच्या तंबूत आहे असं दुसऱ्यानं सांगितलं.

वास्को हातात टोपी घेऊन आला. तो डेल्फिनाजवळ थांबला, तिच्या थोडं डावीकडे बघत म्हणाला, "अभिनंदन म्हणायचा दिवस नाही. पण म्हणतो." आणि गेला. डेल्फिनाला उशिरा कळलं की त्यानं बघितलं तिच्याकडेच होतं.

मग तिनं तक्ता तपासायला घेतला. शर्यत संपली की पहिल्या फेरीपासून बोट फिरवायचं, ही सवय. चव्वेचाळिसाव्या ओळीवर बोट थांबलं.

या ओळीत तिनं मागाहून भरलेले बारीक आकडे होते, आणि एकच जाडा. चार मिनिटांच्या धुरात नोर्माला एकच गाडी दिसली होती. चार नाही, तीस नाही. फक्त चौदा. आणि त्यापुढे वेळ नव्हती.

"नोर्मा."

नोर्मा थर्मासचं झाकण लावत होती. ते लागेना.

"काय काय दिसलं होतं तुम्हाला?"

"अगं, तू कठडा ओलांडत होतीस," नोर्मा झाकणाशीच बोलली. "गाड्या येत होत्या आणि तू ओलांडत होतीस. मी काय म्हणायला हवं होतं? थांब, मला नीट दिसत नाहीये, असं?"

डेल्फिनानं तक्त्यावरून बोट खाली सरकवलं. घड्याळाच्या वेळा तिच्या समोर होत्या. त्रेचाळीस आणि पंचेचाळीस यांच्यात सात मिनिटं वीस सेकंद. धुरातून हळू काढलेल्या दोन फेऱ्याही तेवढ्याच. किंवा एक फेरी, आणि पावणेचार मिनिटं कुठेतरी उभा राहिलेला माणूस. कागद दोन्हीला हो म्हणत होता.

"म्हणजे तो गेला नसेल."

"गेला असेल, नसेल. मला काय ठाऊक? आवाज होता." नोर्मानं थर्मास खाली ठेवला. "ते आलेत बघ."

तिघे पंच येत होते. पुढचा उंच, दंडाला पांढरी पट्टी बांधलेला. त्यांच्यामागे कारखान्याचा संघप्रमुख, इंजिनियर कासारी, कोट खांद्यावर टाकून, घामाघूम.

"सिन्योरा," उंच पंचानं टोपीला हात लावला. "इंग्रजांनी हरकत घेतलीय. त्यांचा गडी म्हणतो, वळणावर एक लाल गाडी उभी दिसली, जळत नव्हती ती. म्हणून तुमच्या यजमानांची एक फेरी कमी धरा असं त्यांचं म्हणणं. आमच्या खोलीतून धुरात काही दिसलं नाही. झेंडेवाला एक दवाखान्यात, दुसरा म्हणतो मी तोंड झाकून पडलो होतो."

"इंग्रजांना काय, लाल म्हटलं की बैलासारखे..." कासारीनं सुरुवात केली.

"इंजिनियर, तुम्ही थांबा. सिन्योरांचा तक्ता आम्ही मानतो. त्यांनी सही केली की मिटलं." त्यानं तक्ता घेतला, चव्वेचाळिसावी ओळ वाचली. "हा चौदा दुसऱ्या हातचा दिसतो."

"माझ्या हातचा," नोर्मा म्हणाली. "ती उठली होती. मी लिहिला."

"तुम्ही सिन्योरा गिबेर्ती ना?" पंच जरा थबकला. आकडा कुणाच्या विरोधात जातोय हे त्याच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. "म्हणजे तुमच्या यजमानांचा किताब..."

"मला बेरीज येते," नोर्मा म्हणाली. "दिसला तो लिहिला."

तिनं डेल्फिनाकडे बघितलं नाही. पंच जरा लांब सरकून आपसांत बोलू लागले तेव्हा ती ओठ न हलवता पुटपुटली, "सही कर आणि मोकळी हो. माझा घरी बसणारच आहे. म्हाताऱ्याचं नाव राहिलं काय आणि गेलं काय, नाव काय सूपमध्ये घालायचंय? तुझा घरी बसतोय का ते बघ."

डेल्फिनाच्या हातात पेन्सिल होती. पंचानं तिला शाईचं पेन दिलं. तिनं ते घेतलं, टोपण मागे खोचलं आणि तक्त्याच्या खाली, नऊ वर्षं करत आली होती तशी, पूर्ण नावाची सही केली.

"वेळ राहिलीय या आकड्यापुढे," पंच म्हणाला.

"तीन मिनिटं अडतीस," डेल्फिना म्हणाली, आणि तेही लिहिलं.

कासारीनं तिचे दोन्ही खांदे धरले. फोटोवाले, जे इतका वेळ भट्टीच्या बाजूला होते, ते आता पळत इकडे आले. नोर्मा बाकावरच्या पेन्सिली गोळा करून रुमालात बांधू लागली, एकेक मोजून.

एर्मेस आला तेव्हा पंच निकालाच्या कागदावर शिक्का मारत होते. त्याच्या भुवया नव्हत्या. दोन्ही हात कोपरांपर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत होते आणि तो ते अंगापासून लांब धरून चालत होता, ओले कपडे वाळत घालायला निघाल्यासारखा. लोकांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या. त्यानं मारू दिल्या.

"दुसरा, एर्मेस! दुसरा!" कासारी म्हणाला. "किताब तुझा! एका तृतीयांशानं, पण तुझा!"

"कशावरून?"

"तक्त्यावरून. डेल्फिनाचा तक्ता आहे, देवाचं वचन आहे ते."

एर्मेसनं तक्ता हातात घेतला नाही, घेता आला नसता. पंचानं त्याच्यासमोर धरला. तो वाकून वाचू लागला. त्याचे डोळे त्या ओळीवर गेले आणि मग खालच्या सहीवर. सहीवर ते जास्त वेळ थांबले.

"माझ्या एकोणपन्नास झाल्या," तो म्हणाला.

"काय?"

"पन्नास नाही, एकोणपन्नास. मी भट्टीपाशी उभा होतो. उतरलो होतो. रेन्झोचे पाय अडकले होते... चाक..." त्यानं हात थोडे वर केले, जणू तेच पुरे. "तीन-चार मिनिटं असेन. मग निघालो. तिथं करण्यासारखं काही नव्हतं."

"पण सिन्योरांनी सही केलीय," उंच पंच म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार होती, जणू कुणी त्याचं टेबल हलवलं.

एर्मेसनं डेल्फिनाकडे बघितलं. नऊ वर्षांत तिच्या तक्त्याबद्दल त्यानं तिला एकदाही विचारलं नव्हतं, आणि आताही विचारलं नाही.

"ती इथं होती," तो पंचाला म्हणाला. "मी तिथं होतो."

पंचांनी शिक्का मारलेला कागद फाडला आणि नवा घेतला. कासारी शिव्या देत दोन पावलं गेला, परत आला, आणि एर्मेसच्या पट्ट्या बघून शिवी अर्धीच सोडली. फोटोवाले वास्कोला शोधायला निघाले. तो पेट्रोलचे डबे ठेवायच्या खोलीच्या दारात सापडला. त्याला कुणी ओढून उजेडात आणलं, आणि तो डोळे बारीक करून विचारत राहिला, "कोण? कोण म्हणालं?" नोर्मा त्याच्याकडे गेली. तिनं त्याच्या कोटावरचे पावाचे तुकडे झटकले, त्याची टोपी सरळ केली आणि फोटोच्या चौकटीतून बाजूला झाली. मग तोंडावर हात ठेवून उभी राहिली. ती हसत होती की काय करत होती, ते लांबून कळत नव्हतं.

डेल्फिना एर्मेसजवळ गेली. "दुखतंय?"

"औषध दिलंय."

"मी सही केली."

"बघितली."

त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ती तो शोधत होती, कारण रागाशी कसं वागायचं ते तिला माहीत होतं. काजळीखाली त्याचा चेहरा सैल पडला होता. सकाळपासून, खरं तर मार्चपासून जी एक शीर त्याच्या कानशिलावर उभी होती, ती बसली होती. मित्र जळालेला, किताब गेलेला, हात गेल्यातच जमा; आणि माणूस लांबच्या प्रवासाचं तिकीट रद्द झाल्यासारखा मोकळा दिसत होता. डेल्फिनानं ते एकदा बघितलं, पुन्हा बघितलं. किताब नाही, म्हणजे गाडीतून उतरणंही नाही. तिची मोजणी सहसा दुसऱ्यांदा करावी लागत नसे.

"घरी जाऊ," ती म्हणाली.

त्याला चाक धरता येणार नव्हतं. त्यांची करडी मोटार तिनं काढली. तो शेजारी बसला, हात मांडीवर पालथे ठेवून. ऊन उतरलं होतं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना द्राक्षं तोडायचं काम चालू होतं. रेन्झोच्या आईला कळवायला कोण जाणार, त्यानं विचारलं. तिनं सांगितलं, वास्को आणि नोर्मा जाताहेत. तो बरं म्हणाला.

मग जरा वेळानं, खिडकीबाहेर बघत, म्हणाला, "त्या वळणावर आत शिरायला सगळेच उशीर करतात. थोडं आधी शिरलं तर सरळ रस्त्याला मिनिटाला दोनशे फेरे जास्त मारेल इंजिन." आणि थांबला.

नदीचं वळण आलं तेव्हा डेल्फिनानं वेग कमी केला आणि सहज खाली बघितलं. त्याचा उजवा पाय फळीवर रोवलेला होता. तिला वाटलं, सवयीनं ब्रेक दाबतोय. वळण संपत आलं तसा तो पाय सावकाश, बेतानं, पुढे दाबला जाऊ लागला, टाच टेकलेली आणि बोटं खाली, वेग वाढवायला दाबावा तसा. त्याला स्वतःला ते माहीतही नव्हतं. तो खिडकीबाहेरच बघत होता.

पुढे द्राक्षं लादलेली एक बैलगाडी चालली होती. डेल्फिना तिच्या मागे लागली. समोरचा रस्ता पार पुढच्या गावापर्यंत मोकळा दिसत होता. एर्मेसनं एकदा रस्त्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. तिनं गाडी पुढे काढली नाही.